ऊन पाणी आणि चवदार पाणी : महाडच्या सहलीचे नियोजन

येत्या वर्षाच्या शैक्षणिक सहलीसाठी ठिकाण सुचवा, असे आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींना सांगितले, तेव्हा सर्वाधिक चिठ्ठ्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या निघाल्या. ज्या बीड जिल्ह्यात मार्च उजाडला की टँकरच्या पाळीवर घरचा दिनक्रम ठरतो, त्या जिल्ह्यातील लेकरांना जमिनीतून आपोआप, तेही तापलेले, पाणी वाहताना पाहावेसे वाटावे, यात नवल ते काय? आम्ही ठिकाण ठरविले ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळचे सव. ते का ठरविले, तेथे काय पाहावयाचे आणि कोणती काळजी घ्यावयाची, हे पालक, माजी विद्यार्थी आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडण्यास ही स्मरणिका योग्य जागा आहे, असे आम्हांस वाटते.

आधी नावांविषयी थोडे. मराठीतला 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' आणि पाली-प्राकृत 'उण्ह' यांच्या कुळातला. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळच्या गावाचे नावच उन्हाळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे आहे. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. आणि आपल्या मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, उनकेश्वर आहे. ठाणे-पालघरकडील वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली ही नावे तर सर्वपरिचित आहेत. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे 350 किलोमीटरच्या पट्ट्यात अशी अठरा ठिकाणे मोजली गेली आहेत. गावांच्या नावांत लोकांनी पाण्याचा गुण जपून ठेवला आहे, हे भाषेच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

उनकेश्वर जवळचे, मग महाडपर्यंत जाण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न काही पालकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. अंतर वाचले असते, डिझेलही वाचले असते. परंतु महाडला एकाच सावित्री नदीच्या परिसरात तीन प्रकारचे पाणी पाहावयास मिळते : दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेण्यांत खोदलेल्या पोढींचे, 1927 साली माणसांना लढून मिळवावे लागलेल्या चवदार तळ्याचे आणि धरणीच्या पोटातून वर येणाऱ्या सवच्या झऱ्याचे. तिन्ही एका दिवसात पाहता येतात. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला पाठ कोणता मिळणार?

पाणी तापते कसे, हे मुलांना निघण्यापूर्वीच समजले पाहिजे. आपला बीड जिल्हा आणि कोकण, दोन्ही एकाच काळ्या पाषाणावर बसले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. मात्र सवचे पाणी त्या लाव्ह्याच्या उष्णतेने तापलेले नाही. तो केव्हाच थंड झाला आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. साधारणपणे एका किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सिअस. आपल्याकडे ज्यांच्या शेतात सहाशे फुटांचा बोअर आहे, त्यांनी पहाटे मोटार सुरू केल्यावर येणाऱ्या पाण्याचा कोमटपणा हाताने अनुभवला आहे. सहाशे फूट म्हणजे सुमारे 180 मीटर. तेवढ्या खोलीला पाच अंशांचा फरक पडतो. कोकणात खडकाला खोलवर गेलेल्या भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते, तापते, हलके होते आणि दाबाने दुसऱ्या भेगेतून वर येते. सवचे पाणी 40 अंशांच्या आसपास असते, वज्रेश्वरी-गणेशपुरीचे 50 च्या आसपास, तर उन्हवऱ्याचे 70 च्या घरात. यावरून ते पाणी किमान किती खोल जाऊन आले असावे, याचे गणित नववीचा विद्यार्थी सहज करू शकेल. जमिनीवरचे सरासरी तापमान 27 अंश धरावे, एवढेच सांगितले की पुरे. सवसाठी उत्तर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास येते, उन्हवऱ्यासाठी दीड किलोमीटरच्या.

खडकांतून प्रवास करताना पाणी क्षार विरघळवून आणते. कोकणातील बहुतेक झऱ्यांच्या पाण्यात मिठासारख्या क्लोराइडांचे प्रमाण जास्त असते, काही ठिकाणी गंधकाचा वासही येतो. ते पिण्याचे पाणी नव्हे. 'तीर्थ' म्हणून ओंजळभर पिण्याची अनेक ठिकाणी रीत आहे. आपल्या मुलांनी तसे करू नये.

कथा मात्र प्रत्येक झऱ्याला आहे. वज्रेश्वरीचे गरम पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, असे सांगतात. उनपदेवला रामाने बाण मारला म्हणून पाणी निघाले, आणि उनकेश्वरलाही रामाच्या बाणानेच निघाले. बाण एकच आणि ठिकाणे दोन जिल्ह्यांत, हे मुलांच्या लक्षात येतेच. शिक्षकाने हसू नये, मुले हसली तर रागावूही नये. आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या समाजांची मुले आहेत आणि कोणाच्या घरच्या श्रद्धेची टवाळी करणे हे आपले शिक्षण नव्हे. परंतु कथा ही कारणमीमांसा नव्हे, हा भेद स्पष्ट राहिला पाहिजे. तथागतांनी कालामांना जे सांगितले, ते गरम पाण्यालाही लागू आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सहलीचे नियोजन म्हटले की आज आपण बस, मुक्काम, जेवण यांचा विचार करतो. आपल्या पूर्वजांच्या प्रवासाचे नियोजन पाण्यापासून सुरू होत असे : वाटेत पाणी कोठे मिळेल, आणि कोण देईल. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात्मक लेखनात 1901 सालचा आपला प्रवास लिहून ठेवला आहे. वडील नोकरीनिमित्त दूर होते; त्यांना भेटण्यासाठी भीमराव, थोरले बंधू आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरले. नवे कपडे, सोबत भरपूर खाद्यपदार्थ, सगळी तयारी झालेली. वडिलांपर्यंत पत्र न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले नकार देऊ लागले. अखेर दुप्पट भाड्यावर आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक तयार झाला. डबा उघडला, पण वाटेत पिण्यायोग्य पाणी मिळेना. पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरले नाही आणि मुले उपाशीच निजली. त्यांच्या नियोजनात एकही चूक नव्हती. फक्त पाणी त्यांच्या हाती नव्हते.

दुसरा प्रसंग तर आपल्या मराठवाड्यातलाच आहे, आणि तो सहलीचाच आहे. 1934 साली चळवळीतील सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहावयास निघाले. सुमारे तीस जणांचा मेळावा होता. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी ते थांबले. अंग धुळीने माखलेले, समोर काठोकाठ भरलेला हौद. काहींनी हातपाय धुतले. लगोलग पाणी बाटविल्याचा आरडाओरडा झाला, जमाव जमला, आणि अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. बॅरिस्टर झालेल्या, गोलमेज परिषद गाजविलेल्या माणसाची ही सहल होती. दौलताबादला मज्जाव करणारा जमाव मुसलमानांचा होता, आणि त्याआधी सात वर्षे महाडला परिषदेसाठी स्वतःची जागा देणारे फत्तेखानही मुसलमानच होते. वर्गात दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात, असे आमचे मत आहे.

महाडचा घटनाक्रम बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. तरी तारखा सहलीच्या वहीत असाव्यात म्हणून देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. कागदावर तळे खुले होते. काठावर मात्र जाता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. बाबासाहेब मुंबईहून जलमार्गाने दासगावला उतरून महाडला पोहोचले. तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम होता, आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळे ही खासगी मालमत्ता असल्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मुले नेहमी विचारतात की पाणी एका दिवसात प्यायले, मग निकालाला दहा वर्षे का लागली. या प्रश्नावर तळ्याच्या पायरीवर बसून अर्धा तास बोलावे, अशी आमची योजना आहे.

तेथून गंधारपाले. महाडच्या अगदी जवळ, महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. येथील एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे : लेणे, चैत्यगृह, आठ 'ओवरक' आणि पाण्याच्या 'पोढी'. आपल्या बोलीतील 'ओवरी' हा शब्द त्या ओवरकाचा वारस. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी त्यात साठवून वर्षभर पुरवावयाचे. दात्याने भिक्षूंना निवारा दिला आणि त्याच दगडी लेखात पाण्याचीही नोंद केली. पाण्यावाचून विहार चालत नाही, हे त्यास ठाऊक होते. पाऊस चार महिने आणि गरज बारा महिने, हे कोडे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कसे सोडविले, ते बीडच्या मुलांनी पाहिलेच पाहिजे.

सवच्या कुंडावर आपण सर्वांत शेवटी जाणार आहोत. तेथील वागणुकीचा नियम आम्ही विनयपिटकातून घेतला आहे. राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधील राजगीर, हे डोंगरांनी वेढलेले नगर; तेथे वैभार पर्वताच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आजही आहेत. बोधगया-नालंदाची यात्रा केलेल्या समाजबांधवांनी ते पाहिले असतील. पाली ग्रंथांत त्यांचे नाव 'तपोदा' येते. एकदा राजा बिंबिसार तेथे स्नानास गेला असता भिक्षू आधीच स्नान करीत होते. त्यांना उठविणे राजास प्रशस्त वाटले नाही, तो थांबला. भिक्षू अंधार पडेपर्यंत पाण्यातच राहिले. राजाचे स्नान होईतो नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी भगवंतांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी नियम घातला : पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये. नंतर अपवाद जोडले गेले. काहिलीचे दिवस, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वारा-पाऊस. अपवादांची ही यादी वाचली की नियम करणाऱ्याची माणसांविषयीची जाण कळते. आम्हांस या कथेत महत्त्वाचे वाटते ते असे, की दोष राजाला थांबावे लागल्याचा म्हणून नव्हे, तर मर्यादा न राखता सार्वजनिक पाणी अडवून बसल्याचा म्हणून दिला गेला.

साठ मुले एकदम कुंडात उतरली तर तेथे येणाऱ्या गावकऱ्यांनी आणि सांधेदुखीच्या म्हाताऱ्या माणसांनी कोठे जावे? म्हणून दहा-दहांच्या तुकड्या, प्रत्येकीला दहा मिनिटे, आणि कोणी वृद्ध वा आजारी आले तर आपली तुकडी बाहेर. साबण, शाम्पू, कपडे धुणे नाही. आधी बाहेर बादलीने अंग धुऊनच आत उतरावयाचे.

दहा मिनिटांचे कारण केवळ शिस्तीचे नाही. शरीराचे तापमान 37 अंश. त्याहून गरम पाण्यात शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, रक्तदाब उतरतो आणि एकदम उठल्यास भोवळ येते. प्रयोगशाळेतील तापमापी सोबत राहील आणि 42 अंशांच्या वर पारा दिसला तर कोणीही उतरणार नाही. केवळ पाय सोडून बसता येईल. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून उन्हवऱ्यासारखी ठिकाणे आम्ही शाळेच्या सहलीसाठी विचारातच घेतली नाहीत. हृदयविकार, फिट येणे वा ताप असलेल्या मुलांनी काठावर बसावे. बुडी मारणे, नाकात पाणी जाऊ देणे सक्त मना. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्यास बहुधा जीव वाचत नाही. असे क्वचितच घडते, परंतु डोके पाण्याबाहेर ठेवण्याने ते टळते, म्हणून नियम मोडणाऱ्यास लगेच बाहेर काढले जाईल.

त्वचारोगाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण 'सहलीला नेताच आहात तर लेकराची खरूजही जाईल' असे आम्हांला एकाहून अधिक पालकांनी म्हटले. गरम पाण्याने खाज काही वेळ थांबते, हे खरे. खरूज मात्र कातडीत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याने होते आणि तो औषधानेच मरतो. वसतिगृहात तर एका खोलीतील सर्वांनी एकाच वेळी मलम लावणे, कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविणे, एवढे केल्याशिवाय ती जात नाही. एकाची गेली तरी शेजाऱ्याकडून परत येते. ज्यांना खरूज आहे त्यांचे उपचार सहलीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण केले जातील. तोवर कुंडात उतरू दिले जाणार नाही, पण सहलीतून कोणालाही वगळले जाणार नाही.

मुलींच्या तुकड्या स्वतंत्र वेळी, शिक्षिकांच्या देखरेखीखाली, सलवार-कुडत्यात उतरतील. मासिक पाळी असलेल्या मुलीने उतरावे की नाही, हे ती स्वतः ठरवील. तिला कोणी कारण विचारणार नाही. चवदार तळ्याच्या काठावरून आल्यावर विटाळाची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

राहिला हंगाम आणि खर्च. पावसाळ्यात कोकणात जाणे नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि जुलै 2021 मध्ये महाड शहर पुरात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली, हे विसरता येत नाही. 20 मार्च आणि 25 डिसेंबर या दिवशी महाडला जनसागर असतो. ते दिवस अभिवादनाचे, मुलांना निवांत शिकविण्याचे नव्हेत. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरविला आहे. अडचण एकच, आणि ती मोठी आहे : आपल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील तेव्हा कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. संमतीच्या सहीसाठी माणूस सापडत नाही, आणि उचल घेतलेल्या घरात सहलीसाठी वेगळे पैसे नसतात. पैसे भरणाऱ्यांचीच सहल निघाली, तर मागे राहणारी मुले कोणाची असतील हे सांगावयास नको. त्यामुळे वर्गातील सर्व मुले जातील, अन्यथा सहल निघणार नाही, असे शिक्षकांच्या बैठकीत ठरले. ज्यांना शक्य आहे ते पूर्ण वर्गणी देतील, ज्यांना नाही त्यांची माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून भरली जाईल, आणि कोणाची कोठून भरली याची यादी फलकावर लागणार नाही.

प्रवास बीड, अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, महाड असा, सुमारे चारशे किलोमीटरचा आहे. महामंडळाच्या बस प्रासंगिक करारावर घेतल्या जातील. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेतली जाईल. पहाटे निघून घाट उजेडी उतरावयाचा, रात्री घाटात गाडी घालावयाची नाही. पहिला मुक्काम महाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ, ऊन चढण्याआधी गंधारपाले, जेवणानंतर दोन तास विश्रांती आणि मग सव. भरल्या पोटी कोणीही कुंडात उतरणार नाही. तिसऱ्या दिवशी परत. प्रत्येक बसमध्ये पिण्याच्या पाण्याचे चार मोठे जार शाळेतून भरून घेतले जातील, आणि ते भरण्याची व वाटण्याची जबाबदारी मुलांच्या पाणी समितीकडे राहील.

संमतिपत्राचा छापील नमुना घटस्थापनेपूर्वी प्रत्येक घरी पोहोचेल. ज्यांच्या मुकादमाची गाडी त्याआधीच निघणार असेल, त्यांनी वर्गशिक्षकांना कळवावे. आम्ही वाड्या-वस्त्यांवर येऊन सही अथवा अंगठा घेऊन जाऊ, आणि फडावरचा एखादा फोन क्रमांकही लिहून घेऊ, म्हणजे महाडला पोहोचल्यावर मुलांना आईशी बोलता येईल.